मुलगा बदलून मिळाला

वडील आणि मुलगा यांच्यातलं प्रेम ही निसर्गाची देणगी आहे हे सर्वमान्य असलं, तरी ते प्रक्षेपणयोग्य आहे की नाही हे ठरवायला तज्ज्ञ लागतात. कोरियात, आमच्या सोलमध्ये, असे तज्ज्ञ मुबलक आहेत. त्यांच्याच कृपेने ‘बाबा, चला ना’ हा कार्यक्रम सुरू झाला. नियम सोपा होता. एका नामवंताने आपल्या वडिलांना परदेशी न्यायचं, तिथे दोघांनी भांडायचं आणि जाहिराती लागायच्या आत समेट करायचा.

पहिल्या पर्वासाठी माझी निवड झाली. मी प्यो सोंग-ताक, विनोदी नट. (‘नामवंत’ या शब्दाला आक्षेप फक्त माझ्या बहिणीने घेतला.) माझे बाबा, प्यो मान-गिल, यांचं आमच्या गावी, गुन्सानला, केस कापायचं दुकान आहे. ते माणसाशी थेट बोलत नाहीत. त्याला खुर्चीत बसवून समोरच्या आरशात बघून बोलतात. लहानपणापासून माझे केस त्यांनीच कापले, त्यामुळे आमचं जे काही बोलणं झालं ते आरशातूनच. मग मी टीव्हीवर गेलो, केसांसाठी वाहिनीचा माणूस मिळाला आणि आमची बोलायची सोय गेली.

आम्ही व्हिएतनाममधल्या दानांगला गेलो. हा प्रवास संपूर्णपणे उत्स्फूर्त असल्यामुळे त्याची तालीम आधीच झाली होती. आमच्या जागी दोन सहायक तिथे जाऊन, भांडून, रडून आले होते. (ते आमच्यापेक्षा चांगलं रडले, असं मला सगळ्यांनी आवर्जून सांगितलं.) शिवाय आमच्याकडच्या कार्यक्रमांत माणसाच्या मनात काय चाललंय ते प्रेक्षकांच्या सोयीसाठी पडद्यावर रंगीत अक्षरांत लिहून येतं. बाबा समुद्राकडे तोंड करून बराच वेळ उभे होते, तेव्हा खाली आलं: ‘दिवंगत पत्नीच्या आठवणीने व्याकूळ’. बाबा खरं तर स्वच्छतागृह शोधत होते; मी शेजारीच होतो, त्यांनी मला विचारलंही होतं. तरी घरी सोफ्यावर बसून ते वाचलं आणि मला हुंदका आला.

बाबा लोकांना फार आवडले. बॅगेत गोचुजांग या मिरचीच्या चटणीच्या तिखट ट्यूब कोंबून नेणारे आणि भेटेल त्या परदेशी माणसाच्या मानेवरचे केस बघून हळहळणारे बाबा कोणाला आवडणार नाहीत? मी आवडलो नाही. माझ्याविषयीच्या तक्रारींची वाहिनीने शास्त्रशुद्ध वर्गवारी केली. वडिलांच्या पुढे चालतो. त्यांनी चमचा उचलायच्या आत सूप पितो. आणि सर्वाधिक मतं मिळालेली तक्रार: ‘याच्या पाठीकडे बघून माया वाटत नाही.’ मी घरी मागे-पुढे आरसे धरून पाठ पाहिली. प्रेक्षकांचं बरोबर होतं.

दिग्दर्शिका चोन सू-ओक यांनी मला बोलावून, चहा देऊन, अत्यंत आदराने कळवलं की कार्यक्रम उत्तम आहे, फक्त ‘मुलगा’ या घटकात सुधारणा करायची आहे. दुसऱ्या पर्वात बाबांचा मुलगा म्हणून यू जी-हान हा तरुण नट जाईल. (जी-हानला स्वतःचे वडील होते, पण ते पडद्यावर फिके दिसत.) या निर्णयात मला काहीही चूक सापडली नाही. संध्याकाळी बाबांचा फोन आला.

“जाऊ का रे?”

“तुमची मर्जी.”

“तुला काही वाटणार नाही ना?”

“मला काय वाटायचंय?”

आमच्या घरात याला गळ्यात पडून रडणं म्हणतात. दुर्दैवाने फोनवर खाली अक्षरं उमटत नाहीत. बाबा लिस्बनला गेले.

मुलगा म्हणून जी-हान निर्दोष होता. तो बाबांच्या अर्धं पाऊल मागे चालायचा, त्यांना कोळंबी सोलून द्यायचा, आणि बोलायचा. बाबांच्या वाढदिवसाला त्याने पहाटे उठून, आमच्याकडे वाढदिवसाला करतात ते, समुद्री शेवाळाचं सूप केलं. चित्रीकरणाच्या सोयीसाठी हा वाढदिवस महिनाभर अलीकडे आणला होता. खऱ्या दिवशी मी जन्मात पहिल्यांदा तेच सूप केलं आणि बाबांना फोन लावला. “अरे, माझं झालं की या वर्षीचं,” ते म्हणाले. ते पातेलं मग मीच संपवलं.

पुढे मला स्टुडिओत पाहुणा म्हणून बोलावलं. काम हलकं होतं: लिस्बनची दृश्यं बघायची आणि चेहऱ्यावर भाव आणायचे. एका दृश्यात दोघं तिथल्या केशकर्तनालयात शिरतात. बाबा जी-हानला खुर्चीत बसवतात, मालकाची कात्री मागून घेतात. जी-हान आरशात बघून विचारतो, “बाबा, सोंग-ताकदादांना काही सांगायचंय का?”

बाबांची कात्री थांबली.

“त्याचे केस फार वाईट कापतात टीव्हीवाले,” ते म्हणाले. “मला वाटलं, कधीतरी येईल.”

मला रडू फुटलं. अगदी खरं, नाक गळणारं. चोनबाई म्हणाल्या की कॅमेरा त्या वेळी दुसरीकडे होता, पुन्हा जमेल का? जमलं. (दुसऱ्यांदा जास्त चांगलं झालं. प्रक्षेपित झालं तेव्हा खाली ‘पश्चात्तापाने दग्ध’ असं जांभळ्या अक्षरांत होतं, आणि मला ते पटलं.)

पुढच्या शनिवारी मी कॅमेऱ्याविना गुन्सानला गेलो. दुकानाबाहेर थेट बेकरीपर्यंत रांग होती. सगळे माझ्याच वयाचे पुरुष, सगळे मान-गिलबाबांकडून केस कापून घ्यायला आलेले, आणि सगळे त्यांना ‘बाबा’ म्हणत होते. मी दारातून आत डोकावलो. बाबांनी मला आरशात पाहिलं. आरशातल्या बाबांचे डोळे भरले, हे मी शपथेवर सांगतो, कारण खाली काहीच लिहून आलं नव्हतं.

“रांगेत बस,” ते म्हणाले. “ही पोरं लांबून आलीयत.”

मी रांगेच्या शेवटी जाऊन बसलो. माझ्या पुढचा माणूस देजनहून गाडी चालवत आला होता. तुमचे वडील नाहीत का, असं मी विचारलं.

“आहेत ना, घरी. पण ते काही बोलत नाहीत.”

माझा नंबर यायला वेळ आहे, म्हणून बसल्या बसल्या हे लिहून काढलं. तुम्हीही इथवर वाचत आलात, माझ्या बाबांसाठी जीव हळहळला असेल, आभारी आहे. आता एकच सांगा: तुमचे वडील या क्षणी कुठल्या खोलीत आहेत? नाही, उठून बघायला जाऊ नका. काही काम नसताना शेजारी जाऊन बसलात, तर काय झालं म्हणून ते घाबरतील.