सरकारी चांगला

दोष धोंडूआत्याचा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या वाडीत कुणालाही विचारलंत तर उत्तर मिळेल की पोरगाच तसला. पोरगा तसला होताच. पण दोष धोंडूआत्याचा.

धोंडूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला, ती माहेरी परत आली आणि आल्या दिवसापासून घराचा ताबा तिच्याकडे. वडील मुंबईला. आधी गिरणीत, संपानंतर एका कँटीनमध्ये. ते मुंबईत का राहतात याचं कारण लोक पोट असं सांगतात. मी आत्या असं सांगतो.

मी कॉलेज सोडलं ते ब्याऐंशी साली, दुसऱ्या वर्षाला. अकाउंटन्सीच्या सरांनी भर वर्गात विचारलं, "गोताड, तुझ्यासारखे पुढे काय दिवे लावणार?" मी विचारलं, "सर, तुम्ही कुठले लावलेत?" झालं, माझं शिक्षण पूर्ण झालं.

मग लांज्याला एका काजूच्या कारखान्यात वजन लिहायला लागलो. मालकाने पहिल्याच दिवशी पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आणायला सांगितलं. (काजूगर खिशात मावतो.) मी आणला. 'सदर इसमाविरुद्ध या ठाण्यात कोणताही गुन्हा नोंद नाही', खाली सही, सहीवर गोल शिक्का. मालकाने तो बघून परत दिला आणि मी तो घरी आणला. इथे माझी चूक संपते आणि आत्याची सुरू होते.

आत्याला वाचता येत नाही, पण गोल शिक्का कळतो. तिने तो कागद रत्नागिरीला नेऊन काच घालून फ्रेम करून आणला आणि ओटीवर, गणपतीच्या कॅलेंडरशेजारी लावला. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ. पाडव्याला हळदकुंकू. घरी पाहुणा आला की आधी फ्रेम, मग पाणी. शेजारच्या सोनूबाईशी तिचं बांधावरून भांडण होतं, बारा वर्षं बोलणं बंद. तेव्हा आत्या ओटीवर उभी राहून हवेला सांगायची, "लोकांची पोरां नुसती चांगली. आमचा सरकारी चांगला हाय!"

दोन वर्षांनी मी लांज्याची नोकरी सोडली. खरं म्हणजे मालकाने सोडवली. काजू सोलणाऱ्या बायकांना वजनावर मजुरी, आणि या माणसाने काट्याच्या वजनं ठेवायच्या पारड्याखाली मेणाचा गोळा चिकटवलेला. मी तो सगळ्या बायकांसमोर काढून त्याच्या टेबलावर ठेवला. चारित्र्याचा दाखला मागणारा हाच तो गृहस्थ, एवढंच लक्षात ठेवा.

मग वडिलांचं कार्ड आलं. "मे महिन्यात येतो. तोवर नोकरी लागली नसेल तर येताना मी एकटा, जाताना तू बरोबर." म्हणजे कँटीन. बशा विसळणं. आयुष्यभर वडिलांच्या हाताखाली. मी त्या कार्डाकडे बघून ठरवलं, काही झालं तरी नोकरी इथेच.

आणि मिळालीही. हातखंब्याजवळ खडीचा क्रशर होता. तिथे सुरुंगाच्या दारूचं कोठार, आणि कोठाराला किल्ली सांभाळणारा स्टोअरकीपर हवा होता. पगार साडेसहाशे. मॅनेजर भाटकर साहेब म्हणाले, "पोलिसांचा दाखला घेऊन ये."

मी आत्याला म्हटलं, पोलीस स्टेशनला जाऊन नवा काढतो.

"नवा कशाक?" आत्या म्हणाली. "ह्यो हाय ना भितीवर. चांगुलपना काय मासळी हाय, कालचा आज चालत नाय?"

हे मला पटलं. (मला आत्याचं जे जे पटलं आहे त्याची यादी छोटी आहे, आणि सगळी महागात पडली आहे.) मी भिंतीवरची फ्रेम काढली, पंच्यात गुंडाळली आणि एस.टी.तून छातीशी धरून घेऊन गेलो. कंडक्टरला वाटलं घरात कोणी गेलं. त्याने मला बसायला जागा करून दिली.

भाटकर साहेबांनी फ्रेम दोन्ही हातांनी धरली.

"ह्याच्यावर हळद का आहे?"

"पाडवा झाला, साहेब."

"हं. हा लांज्याच्या कारखान्यासाठी दिलेला आहे. हे खाली वाच. 'फक्त वरील कामाकरिता.' आणि तारीख दोन वर्षांपूर्वीची. मधल्या दोन वर्षांत तू दरोडा घातला असशील तर मला कसं कळणार?"

"घातला असता तर साडेसहाशेवर आलो असतो का, साहेब?"

साहेब हसले नाहीत. "इथे दारूगोळा आहे. मालक बदलला की दाखला नवा. पोलीस गावात जाऊन चौकशी करतील. महिनाअखेरपर्यंत आण, नाहीतर वाळूवाल्या ठेकेदाराचा मेहुणा बसलाच आहे."

बारा दिवस होते. मी तसाच पोलीस स्टेशनला गेलो. अर्ज घेणारा जमादार म्हणाला, "गुरुवारी हवालदार मयेकर येतील. नवीन आलेत, फार कडक. आणि हे बघ, चौकशीच्या वेळी तू समोर यायचं नाहीस. उमेदवार समोर असला की लोक गोड बोलतात."

घरी आलो तो संतापलेला. फ्रेम आत्याच्या पुढ्यात आपटली आणि ओरडलो, "तुझ्या ह्या दाखल्यानं माझी अब्रू गेली! आता गुरुवारी पोलीस येणार आहेत घरी!"

एवढं बोललो आणि अबोला धरला. पोलीस कशाला येणार, हे सांगणं मला कमीपणाचं वाटलं. (एकविसाव्या वर्षी माणूस रागावला की वाक्य पूर्ण करायचा त्याला फार कंटाळा येतो.)

आत्याने एक शब्द विचारला नाही. पुढचे चार दिवस मात्र ती रोज सकाळी घराबाहेर पडायची ती दुपारी यायची. या घरातून त्या घरात. वाडीत घरं बावीस. मला वाटलं देवळाची वर्गणी असेल.

गुरुवारी नऊ वाजता आत्या म्हणाली, "माळ्यावरचा भोपळा काढ."

मी अबोल्यात होतो, पण अबोल्यातही भोपळा काढता येतो. शिडीने माळ्यावर चढलो. मी वर पोचलो तोच खालून शिडी गेली. आणि ओटीवर बूट वाजले.

मला वाटलं, वा! जमादाराने सांगितलेलं हिला न सांगताच कळलं. मी समोर नको म्हणून मला वर चढवलं. मी मनातल्या मनात आत्याला हात जोडले आणि फळ्यांच्या फटीला डोळा लावून गप्प बसलो.

"रघुनाथ सोनू गोताड इथेच राहतो का?" हवालदार मयेकरांनी वही उघडली.

"कोन?"

"रघुनाथ. वय एकवीस."

"हितं कोन रघुनाथ नाय बा."

"मग पुरुष माणूस कोण घरात?"

"कोन नाय. मी, माजी भावजय नि एक रेडा."

(भावजय म्हणजे माझी आई. रेडा आमच्याकडे नव्हता. ती कुणाला मोजत होती ते मला मागाहून कळलं.)

हवालदार भिंतीकडे बघत राहिले. चुन्याच्या भिंतीवर एक स्वच्छ पांढरा चौकोन, वर खिळा, खिळ्याला सुकलेला झेंडू.

"इथे काय होतं?"

"देव व्हता."

"आता कुठे आहे?"

"धुवाक काढलाय."

मला राहवेना. मी फटीतून ओरडलो, "हवालदारसाहेब! मीच रघुनाथ! वर आहे मी!"

हवालदार दचकले. आत्याने मानसुद्धा वर केली नाही. "पावना हाय आमचा. डोक्यानं हलका. पोलीस बघितला की ज्याचा नाव घ्याल तो मीच, असा म्हनतो. म्हनून वर ठेवलाय. विचारून बगा."

हवालदारांनी मान वर केली. "लांज्याच्या कारखान्यात कोण होता?"

"मीच!"

"पोलीस स्टेशनला अर्ज कोणी दिला?"

"मीच!"

"सुरुंगाच्या दारूच्या कोठारावर कोण जाणार?"

"मीच, साहेब, मीच!"

"बगितलंत?" आत्या म्हणाली. पण 'सुरुंग' हा शब्द ऐकून ती पांढरीफटक पडली होती. पोराने कुठलं कोठार फोडलं, हे आता तिला कळलं असं तिला वाटलं.

हवालदार शेजारी गेले. माझी सगळी आशा आता सोनूबाईवर. बारा वर्षांचं वैर, ती तरी खरं बोलेल! मी कौल सरकवून कान लावला.

"ह्यांच्या घरात पोर?" सोनूबाई म्हणाली. "अवो, ह्यांच्यात पोर कंदी झालाच नाय. म्हनून तर ती बाय अशी खाष्ट!"

तिथून हवालदार आमचे पोलीस पाटील रावजी यांच्याकडे गेले. वय सत्तर. सरकारचा माणूस. माझ्या बारशाला जेवलेला. त्याने सांगितलं, "तीस वर्सं पाटीलकी करतोय. असा मानूस ह्या वाडीत जल्माक आलेला नाय." आणि खाली अंगठा उठवला. (त्याला सही येते. सही केली तर पकडला जाईन म्हणून अंगठा.)

बावीस घरं. एकही फुटलं नाही. ज्या वाडीत पाण्याच्या पाळीवरून चार माणसांचं एकमत होत नाही, ग्रामसभेत दोन मिनिटं कुणी गप्प बसत नाही, त्या वाडीतली म्हातारी खोडं एका बाईच्या शब्दावर दगडासारखी उभी राहिली. ह्या लोकांना मी आयुष्यभर शिव्या दिल्या. त्यांतल्या निम्म्या अजूनही परत घेणार नाही. पण त्या दिवशी माळ्यावर भोपळा मांडीवर घेऊन मी रडलो, आणि सगळं रागाने नव्हतं.

दुपारी शिडी लागली. मी खाली उतरून सगळं सांगितलं. क्रशर, कोठार, किल्ली, चौकशी.

"मंग असा सांगायचा ना, मेल्या," आत्या म्हणाली. "पुरा वाक्य बोलाक काय घाम लागतो?"

दुसऱ्या दिवशी मी, आत्या आणि तांदळाच्या कणगीतून बाहेर काढलेली फ्रेम, असे तिघे पोलीस स्टेशनला गेलो. हवालदार मयेकरांनी रिपोर्ट वाचून दाखवला. 'सदर नावाचा इसम सदर पत्त्यावर अस्तित्वात नाही. खोटा पत्ता देऊन अर्ज केल्याचा संशय.'

आत्याने फ्रेम टेबलावर ठेवली. "ह्यो बगा. तुमचाच शिक्का. तुमीच म्हनालात ह्यो हाय, नि चांगला हाय."

हवालदारांनी जुनं रजिस्टर काढलं, नंबर ताडून बघितला, माझ्याकडे बघितलं, मग आत्याकडे.

"बाई, बावीस घरं?"

"तेवीस. गुरवाचा घर खालती हाय. तिकडं तुमी गेलातच नाय."

हवालदारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "अठरा वर्षं नोकरी झाली माझी. अशी शिस्त परेडला बघितली नाही." माझ्यावर गुन्हा दाखल करायचं त्यांनी सोडून दिलं. पण चौकशी पुन्हा होणार, वरून सही होणार, पंधरा दिवस तरी लागणार.

महिनाअखेर सहा दिवसांवर होती. एक तारखेला मी हातखंब्याला गेलो तेव्हा कोठाराची किल्ली वाळूवाल्याच्या मेहुण्याच्या कमरेला होती.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिलीच नसती. मयेकरांनी हा किस्सा भाटकर साहेबांना सांगितला. साहेब आयुष्यात पहिल्यांदा हसले, असं म्हणतात, आणि मग त्यांनी विचार केला. क्रशरवरच्या चाळीस माणसांचा स्वयंपाक करायला, कोठाराच्या कुंपणाच्या आत, तोंड बंद ठेवणारी बाई त्यांना हवीच होती. त्यांनी धोंडूआत्याला बोलावून घेतलं.

आत्या म्हणाली, "दाखला रघूचाच चालवा. एकाच घरातला हाय."

चालला नाही. नवी चौकशी लागली. हवालदार मयेकर पुन्हा वाडीत आले. सोनूबाई म्हणाली, "सोन्यासारकी बाय!" रावजी पाटलाने ह्या वेळी सही केली, इंग्रजीत. मी ओटीवरच बसलो होतो. म्हटलं, माझंही लिहा, साहेब. ही बाई एकदा कुणाच्या मागे उभी राहिली की तिला सरकार हलवू शकत नाही. मी स्वतः बघितलंय.

मयेकरांनी पेन थांबवलं. "तुझी साक्ष चालत नाही रे. आमच्या रेकॉर्डवर तू अजून नाहीस."

दाखला चार दिवसांत आला. पांढऱ्या चौकोनात आता आत्याचा दाखला आहे. माझ्या दाखल्याने माळ्यावरच्या उंदरांचं बीळ बुजवलं आहे.

वडील मे महिन्यात आले. जाताना मी बरोबर होतो. कँटीनमध्ये दाखला कोणी मागितला नाही. अर्धं सोडलेलं ते एक वाक्य मला महिना साडेसहाशेला पडलं.