तात्या प्रवाह व्हायचे

तात्यांच्या खोलीवर कोणीही गेलं तरी पहिला प्रश्न ठरलेला. "प्रवाहाबरोबर आलास का उलटा?" म्हणजे सायकलला वारं मागनं होतं की पुढनं. उत्तर दिल्याशिवाय आत घेत नसत.

राहुरीजवळच्या साखर कारखान्यात तात्या वजनकाट्यावर होते आणि मी त्यांच्या हाताखाली हंगामी. सातवीतून शाळा सोडून कोकणातून आलेलो. बाहेरून मॅट्रिक झालास तर कायम करू, नाहीतर तुझं तू बघ, असं साहेबांनी सांगितलेलं. त्या काळजीनं मला जेवण जात नसे. मी न विचारताच तात्यांनी मला शिकवायला घेतलं.

बाकीचं गणित जमलं. होडीशी अडलं. नाव प्रवाहाबरोबर बारा किलोमीटर दोन तासांत जाते, उलट तीन तासांत येते; तर नावेचा वेग किती?

"असं कोण करतं, तात्या?" माझे वडील खाडीत होडी चालवायचे. "ओहोटीला उलटं कशाला वल्हवायचं? भरती लागेपर्यंत विडी ओढत बसायचं."

"पेपर तपासनारा थांबत न्हाई तवर. चल नदीवर."

दुष्काळाचं साल. मुळेच्या पात्रात नुसती वाळू. तात्यांनी जन्मात होडी पाहिली नव्हती, पण ते प्रवाह झाले. जाताना माझ्या पाठीला दोन्ही हात लावून ढकलायचे, येताना मागून सदरा धरून ओढायचे. वाळूत खणलेल्या झऱ्यावर वाटीनं पाणी भरणाऱ्या बाया थांबून बघू लागल्या.

"तात्या, पावना पळून चाललाय व्हय?"

"नाव हाय ती, मावशे. बाजूला हो." मग मला, "ढकललं तर?"

"मिळवायचं."

"धरलं तर?"

"वजा."

सदरा उसवला, पण उत्तर आलं. नाव पाच, प्रवाह एक. सदरा त्यांनीच टाचून दिला.

परीक्षेत होडीच आली. मी पास झालो, कायम झालो आणि दोन वर्षांनी गावी जायला आठ दिवसांची रजा मिळाली. एसटीत चढताना पाठीला ओळखीचे दोन हात लागले.

माझ्याआधी तात्यांनी सहा जणांना मॅट्रिक केलं होतं. सगळ्यांना आपापल्या गावाकडं नोकऱ्या लागल्या. परत कोणी आलं नव्हतं.

"येताना लई जड जातं, म्हाईत हाय मला," तात्या म्हणाले. "पन ये." सदरा मात्र त्यांनी धरला नाही.

नवव्या दिवशी मी त्यांच्या दारात उभा राहिलो, उत्तर तयार ठेवून. त्या दिवशी तात्यांनी काही विचारलंच नाही. नुसते बाजूला सरकले.