हम्फ्री विंटलचा तिसरा दिवस

सोमवारी हम्फ्री विंटल आपली वही कॉफीखान्याच्या बाकावर विसरून घरी आला. वहीत त्याच्या नव्या नाटकातली साठेक चुरचुरीत वाक्यं होती. कॉव्हेंट गार्डनच्या त्या कॉफीखान्यात, हाती लागलेला कागद मोठ्याने वाचून दाखवायची रीतच होती. बुधवारी वही परत मिळाली, पण तोवर वाक्यं लंडनभर झाली होती.

गुरुवारी दुपारी तीनला नाटक लागलं. लेखकाला मिळायचा तो फक्त तिसऱ्या खेळाचा गल्ला. नाटक पहिल्याच दिवशी पडलं, तर हम्फ्रीच्या वर्षभराच्या मेहनतीवर पाणी. बिचारा विंगेत नखं खात उभा होता.

नायिका म्हणाली, "आमचे हे कधी खोटं बोलत नाहीत..."

"तेवढं सुचतच नाही त्यांना!" अख्ख्या प्रेक्षागृहाने वाक्य पुरं केलं.

प्रेक्षकांतले सर पेरेग्रिन बाकावर चढले. "चोर लेकाचा! हे माझं वाक्य आहे! मंगळवारी डचेसबाईंकडे म्हणालो होतो मी!"

"तुमचं?" मागून कर्नल स्क्रोप कडाडले. "बरे आहात ना? सोमवारी मी म्हणालो, तेव्हा तुम्हीच दात काढत होतात!"

मग संत्री उडाली, विग उडाले. नाटक कसंबसं संपलं. हम्फ्रीने हाय खाल्ली.

पण दुसऱ्या दिवशी निम्मं थिएटर भरलं आणि तिसऱ्या दिवशी उभं राहायला जागा उरली नाही. जो तो आपलं वाक्य ऐकायला आला होता, आणि येताना सासुरवाडीलाही घेऊन आला होता.

खेळ संपल्यावर सर पेरेग्रिननी हम्फ्रीची पाठ थोपटली. "विंटल, स्वतःचं डोकं नाही तुम्हाला. पण आमचं बोलणं टिपता मात्र झकास!"

खरं काय ते हम्फ्रीच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याने भरलेल्या गॅलरीकडे एकदा पाहिलं आणि कमरेत वाकून आभार मानले.

घरी त्याची बायको हेस्टर मासे तळत होती.

"साठ वाक्यं, हेस्टर! माझी! आणि वाहवा त्या गाढवांची! मी तिथंच उभा, आणि तोंड उघडायची सोय नाही!"

हेस्टरने मासा उलटला.

"होते सवय," ती म्हणाली. "सात नाटकं झाली, अहो, गॅलरीत बसून माझीच वाक्यं ऐकतेय. पहिली एक-दोन वर्षं फार लागतं मनाला."