रेघेपुढची रिकामी जागा

कंगवा हातात घेऊन काकू कपाटासमोर उभ्या राहिल्या, तर रोज जिथे त्यांचा चेहरा दिसायचा तिथे नुसते लाकूड होते. चार स्क्रू एका वाटीत व्यवस्थित ठेवलेले होते आणि आरसा गायब होता.

"अहो, चोरानं कपडे ठेवले आणि आरसाच नेला का हो?"

"चोरानं नाही, मी काढलाय," बाहेरच्या खोलीतून काका म्हणाले. ते आरसा जुन्या चादरीत गुंडाळत होते. "उत्तरेकडे तोंड असलेल्या दगडावर ऊन पडत नाही. झिजलेली अक्षरं वाचायची तर बाजूनं उजेड पाडावा लागतो."

"म्हणजे मेलेल्यांना उजेड, आणि मी चाचपडत भांग पाडायचा?"

"संध्याकाळी बसवतो परत. तू चल, कुणीतरी आरसा धरायला हवा."

काका चौतीस वर्षे एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या चुका काढणे हे त्यांचे काम, आणि ते त्यांनी इतक्या मनापासून केले की छापखान्यात त्यांना 'शुद्धिपत्र' म्हणत. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, मग ती निवृत्तीने कुठून जाणार? पहिले सहा महिने त्यांनी औषधांची लेबले, जिन्यातल्या सूचना आणि काकूंची किराणा यादी तपासली. काकू माहेरी जायच्या बेतात होत्या, तेवढ्यात काकांना ते संकेतस्थळ सापडले.

जगभरातली माणसे तिथे आपल्या पूर्वजांच्या कबरी शोधत. गावोगावचे हौशी लोक दफनभूमीत जात, कबरीवरच्या दगडाचा फोटो काढत आणि नाव, जन्माचे वर्ष, मृत्यूचे वर्ष अशी नोंद करून पाठवत. आपल्या पणजोबांचा दगड पाहून दूर कुठेतरी एखादी बाई रडे आणि आभाराचे पत्र लिही. काका त्या पत्रातल्या चुका आधी दुरुस्त करत आणि मग गहिवरत.

त्या दिवशी आरसा निघाला तो अशाच एका बाईच्या पत्रामुळे. ती परदेशात राहत होती आणि मामांचा शोध घेत होती. 'आई आणि मामा एकतीस वर्षं बोललेले नाहीत,' तिने लिहिले होते. 'आता जुन्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र परत आलं. आई त्यांचं नाव कधी काढत नाही, पण रोज सकाळी फोनवर तुमच्या गावचं हवामान बघते. तिला त्र्याऐंशी पूर्ण झाली. मामा आहेत की नाहीत, एवढं कळलं तर' आणि वाक्य तिथेच थांबले होते. काकांनी ते तसेच राहू दिले, यावरून त्यांच्या मनाची अवस्था ओळखावी.

दफनभूमीच्या फाटकावर रखवालदाराने चादरीतला आरसा खालपासून वरपर्यंत न्याहाळला. "काका, आज मुक्कामालाच आलात की काय? फर्निचरसकट?"

दगड सापडला, अगदी कडेच्या ओळीत. वर मामींचे नाव आणि दोन्ही वर्षे. त्याखाली मामांचे नाव, जन्म १९४३, पुढे एक रेघ, आणि रेघेच्या पुढे काहीच नाही.

आता, तुम्हीआम्ही अशी रेघ पाहून थोडा विचार केला असता. पण मुद्रितशोधकाला रेघेपुढची रिकामी जागा म्हणजे जेवणात सापडलेला केस. चौतीस वर्षांच्या अनुभवाने काकांना पक्के ठाऊक होते की अशा जागी एकच गोष्ट घडलेली असते, आणि ती म्हणजे आकडे गळून गेलेले असतात.

"अहो, इथली माती ओली आहे," काकू म्हणाल्या. "कुंडीतल्या रोपाला कुणीतरी पाणी घातलंय."

"घालत असेल रखवालदार. तू आरसा धर. जरा डावीकडे. वर. हलू नको."

"माझा हात आहे, खांब नाही."

तिरपा उजेड दगडावर सरकला आणि काकांनी नाक दगडाला टेकवले. "दिसलं! दोन... शून्य... एक... आणि नऊ!"

"मला तर शेवाळ दिसतंय."

"शेवाळ खाचेतच धरतं. शेवाळ आहे म्हणजे खाच आहे, आणि खाच आहे म्हणजे आकडा आहे."

यावर काकूंकडे उत्तर होते, पण हात भरून आले होते.

घरी येऊन काकांनी नोंद करायला घेतली. माणूस प्रामाणिक. मृत्यूच्या वर्षाच्या चौकटीत त्यांनी '२०१९ (बहुधा)' असे लिहिले. चौकटीने 'बहुधा' बाहेर टाकले. तिथे फक्त चार आकडे चालत. काकांनी तीनदा 'बहुधा' आत घातले, तीनदा ते बाहेर आले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे नको असलेले शब्द काढले होते, आणि आज त्यांचा हवा असलेला शब्द एका यंत्राने काढला. शेवटी त्यांनी निमूटपणे बटण दाबले.

चौथ्या दिवशी भाचीचे उत्तर आले. 'आई दोन दिवस जेवली नाही. काल उठली आणि म्हणाली, मला तिथे घेऊन चल, त्याला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. येत्या रविवारी सकाळी पोचतो. स्टेशनवरून थेट दगडापाशीच येऊ.'

काकांच्या तोंडचे पाणी पळाले. "अगं, तो शेवटचा आकडा सात असला तर?"

"तिकडे म्हातारी जेवत नाही आणि तुमचं सात की नऊ?" काकू खऱ्याच चिडल्या होत्या. "सात असो नाहीतर नऊ, एवढ्या लांबून रडायला येतेय ती."

तरीही रविवारी सकाळी सातच्या आधीच कपाटाचा आरसा पुन्हा दफनभूमीत हजर होता. त्याच्यामागोमाग भाचीची आई, म्हणजे मामांच्या ताई, आल्या. एवढीशी बाई, हातात काठी, कानात यंत्र. मागे भाची, तिच्या हातात फुलांचा मोठा गुच्छ. ताईंनी काकूंचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग तो गुच्छ मांडीवर घेऊन त्या काकूंच्या घडीच्या स्टुलावर दगडासमोर बसल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे त्यांचे खासगी बोलणे फाटकापर्यंत ऐकू जात होते.

"बारक्या, आईचं शिवणयंत्र मीच नेलं. तुझ्या बायकोला हवं होतं. मी म्हटलं, आईची वस्तू परक्या पोरीला का म्हणून? तिला शिवता येत होतं रे. मला आजवर साधी उशी शिवता आली नाही. एकतीस वर्षं ते माझ्या खिडकीत पडून आहे. मी त्याच्यावर कुंड्या ठेवते. पण परत करायचं म्हणजे चुकलं म्हणायला हवं, आणि ते काही माझ्या तोंडातून निघेना. आता म्हणते. चुकलं माझं. तिलाही सांगते, ती शेजारीच आहे. ऐकतोयस ना?"

"ऐकतोय," मागून आवाज आला.

फुलांसाठी पाणी आणलेली बादली काकूंच्या हातातून खाली पडली. भाचीचा चेहरा पांढरा झाला. पायवाटेवर एक म्हातारा झारी घेऊन उभा होता आणि झारीतले पाणी त्याच्या स्वतःच्या बुटात चालले होते.

ताईंना यातले काहीच ऐकू आले नव्हते. "बोलणार नाहीस, माहीत आहे मला. लहानपणापासून घुम्याच तू—"

"कुंड्या ठेवतेस?" म्हातारा आता ओरडलाच. "आईच्या मशीनवर?"

ताईंनी मान वळवली. कानातले यंत्र बारीक शीळ घालू लागले. दोघे एकमेकांकडे पाहत राहिले, आणि त्या पाहण्यात एकतीस वर्षांचे हवामान होते. मग ताई उठल्या, दोन पावले पुढे गेल्या आणि हातातला गुच्छ त्यांनी भावाच्या खांद्यावर हाणला.

"मेल्या, आठ दिवस रडतेय मी!"

"का?"

"तू मेलास म्हणून!"

"मी? कोण म्हणालं?"

सगळे काकांकडे वळले. काकांनी हातातला आरसा हळूच तोंडासमोर धरला. म्हाताऱ्याला त्यात स्वतःचाच चेहरा दिसला. त्याने वाकून पाहिले, केसांतली पाकळी काढली. "मेल्याच्या मानानं बरा आहे की."

"पण... दोन हजार एकोणीस?" आरशामागून क्षीण आवाज आला.

म्हाताऱ्याने दगडावरून नख फिरवले. नऊ नखात आला. मग एक आला. "शेवाळ."

"सांगितलं होतं," काकू म्हणाल्या.

आरडाओरडा ऐकून रखवालदार धावत आला होता. "हे होय! हे तर रोज सकाळी सातला येतात."

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही मेलेल्यांचीच चौकशी करता, काका."

मामा दगडाच्या कडेला टेकले. "ही गेली तेव्हा माझंही नाव कोरून घेतलं. मूलबाळ नाही. पुढे कोण लक्षात ठेवून येणार? वर्ष तेवढं राहिलंय. घाई नाही."

"मी येईन ना," ताई म्हणाल्या.

"ताई, तू माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहेस."

"मोठी आहे म्हणूनच सांगते. ती जागा रिकामीच राहू दे." एवढे बोलून त्या जोरात रडू लागल्या. मामांनी झारी खाली ठेवली आणि ताईंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "रडू नको. मशीन पाठव. हिनं मला शिवायला शिकवलं होतं. तुझी उशी मी शिवून देतो."

"पाठवणार नाही," ताई डोळे पुसत म्हणाल्या. "न्यायला तू ये."

काकूंनी काकांच्या हातातून आरसा काढून घेतला. काकांनी दोघांचा दगडासमोर बसलेला फोटो काढला. त्यात मामांचे डोळे मिटलेले आले आणि ताईंचे तोंड उघडे. काकांनी दुसरा काढला नाही.

दुपारी त्यांनी नोंद उघडून २०१९ खोडले. चौकट लाल झाली. रिकामी सोडता येत नव्हती, आणि नव्या फोटोत जिवंत माणसे असल्यामुळे तोही नाकारला गेला. एकही रिकामी जागा कधी पुढे जाऊ न देणारे काका मग तासभर एका रिकाम्या जागेसाठी यंत्राशी भांडले. शेवटी त्यांनी संकेतस्थळाच्या चालकांना पत्र लिहिले : 'सदर गृहस्थ जिवंत आहेत. चूक माझी आहे. कृपया जागा रिकामी ठेवावी.'

काकू कपाटापाशी आरसा धरून उभ्या होत्या आणि वाटीत तीनच स्क्रू होते. तेवढ्यात उत्तर आले. 'जागा रिकामी ठेवली आहे. वर्ष उपलब्ध होताच त्वरित कळवावे.'

काकांनी चष्मा पुसला. दोनच शब्द टाइप केले, सवयीने तीनदा तपासले आणि पाठवून दिले.

'घाई नाही.'