दहाव्याला बोलणारे तात्या

भानुदास तात्या पहिल्यांदा माझ्या माईकवर बोलले, तेव्हा "आज आबा आपल्यात न्हायती" एवढंच म्हणून गप्प झाले. मला वाटलं, माईक गेला. धावत जाऊन वायर हलवली आणि भर दहाव्यात "हॅलो, हॅलो, चेक" म्हणालो. घाटावर रडणारी माणसं फिस्सकन हसली. तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की वाटलं, पुढचा दहावा माझाच लागणार.

माझा मंडप-स्पीकरचा धंदा. कऱ्हाटी ते लोणी भापकर, कुणाचाही दहावा असो, स्पीकर माझा आणि श्रद्धांजली तात्यांची. बाकीचे पुढारी मेलेल्याचं नाव चिठ्ठीवर बघून वाचायचे आणि मग स्वतःचंच कौतुक सांगत बसायचे. तात्या चार वाक्यं बोलायचे आणि तीनदा थांबायचे. त्या थांबण्यात दगडासारखी माणसं हुंदके द्यायची. "बोलायचं काय, रेडिओबी बोलतो," तात्या म्हणायचे. "थांबाय छाती लागती!"

पुढं इलेक्शनला उभे राहणारे लोक त्यांच्याकडं शिकायला येऊ लागले. ओसरीवर शिकवणी चालायची. "'ते गेले' म्हणायचं. मग बायकांचा पदर डोळ्याला लागंस्तोवर तोंड उघडायचं न्हाय." एका बहाद्दरानं हे इतकं मनावर घेतलं, की दर शब्दाला थांबला. लोकांना वाटलं, ह्याला फीट आली. कुणीतरी कांदा फोडून नाकाला लावला. तात्यांनी कपाळावर हात मारला. "आरं, भाकरीत मीठ घालत्यात, मिठात भाकरी न्हाय!"

खरं सांगतो, मला ह्या माणसाचा राग यायचा. दुसऱ्याच्या मरणावर इतकं मोजूनमापून बोलतात होय?

मग काकी गेल्या, तात्यांच्या मंडळी. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं.

दहाव्याला पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. सगळे कावळे बाभळीवर बसून होते मेले, खाली उतरायला तयार नाहीत. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याची इच्छा राहिली; ती ओळखून घरच्यांनी शब्द द्यायचा. लेक हात जोडून म्हणाला, "आई, धाकटीचं लगीन लावून देतो." कावळा हलला नाही. "आई, तात्यांना सांभाळतो." तरी नाही. ऊन चढलं, पाय भाजायला लागले. सगळे तात्यांकडं बघू लागले. मी माईक नेऊन हातात दिला.

तात्या उभे राहिले आणि गप्प झाले. बायकांनी सवयीनं पदर डोळ्याला लावले.

"मला ठावं न्हाय," शेवटी ते म्हणाले. "तिला काय पायजे हुतं, मला ठावं न्हाय. भाषणाची तालीम म्या तिच्याच म्होरं करायचो. म्या थांबलो, की ती कायतरी बोलाय जायाची. म्या म्हणायचो, गप, हितं लोकं रडत्यात."

मी पुढं होऊन त्यांच्या हातातला माईक काढून घेतला.

गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि विधी उरकला. माणसं जेवायला गेली. मी वायरी गुंडाळल्या, स्पीकर टेम्पोत टाकला, तरी तात्या पायरीवरून उठेनात.

"तात्या, चला घरी. पाणीबी घेतलं न्हाय तुमी."

"तू जा," ते पिंडावरची नजर न काढता म्हणाले. "आज ती बोलंस्तोवर थांबतो म्या."