अस्वलाच्या कंपनीचा नफा

एका जंगलात, मुलांनो, मंदी आली होती. मंदी म्हणजे काय, तर सगळ्यांकडे थोडंफार असतं, पण विकत कुणीच काही घेत नाही.

त्या जंगलात भालेराव नावाचं अस्वल संगणक बनवायचं. निम्म्या जंगलाने त्याच्या कंपनीचे शेअर घेतले होते. नफा मधाच्या मडक्यांत मोजत आणि दर तिमाहीला जाहीर करत. त्याआधी भामाबाई टिटवी उंच खडकावर उभी राहून नफ्याचा अंदाज सांगे. मागच्या खेपेला तिचा अंदाज साफ चुकला होता. आता पुन्हा चुकली, तर खडक रंगोपंत वटवाघळाला मिळणार होता.

म्हणून या वेळी ती स्वतः हिंडली. कारखान्यामागे संगणकांची खोकी पार झाडाच्या शेंड्यापर्यंत गेली होती. त्यांवर कोळ्यांनी जाळी विणली होती. तिने सशिणीला विचारलं, "नवा संगणक कधी घेताय?"

"कशाला, बाई? जुना आहे की. अडला की दोन चापट्या मारते, लागतो चालायला."

भामाबाईने ओळखलं. गेल्या तिमाहीत नफा नव्वद मडकी होता. या वेळी पन्नास.

कुणकुण लागताच भालेराव धावत आला.

"भामाबाई, चाळीस सांगा."

"पण होणार तर पन्नास."

"म्हणूनच."

"अहो, मग माझा अंदाज चुकेल."

"चुकेल. पण कुणी रागावणार नाही."

भामाबाईला हे काही पटलं नाही. तिने खडकावरून पन्नास सांगितलं. शेजारच्या फांदीला उलटं लटकून रंगोपंतांनी चाळीस सांगितलं.

निकालाच्या दिवशी पन्नास मडकी मोजली गेली. एक कमी नाही, एक जास्त नाही. भामाबाई ताठ मानेने उभी राहिली.

"हे तर आधीच माहीत होतं," कोल्हा जांभई देत म्हणाला. "यात बातमी काय?"

"रंगोपंतांच्या अंदाजापेक्षा मात्र दहा मडकी जास्त," रानडुक्कर म्हणालं.

झालं. ढोल वाजले. भालेरावाची मिरवणूक निघाली आणि रंगोपंतांना खडक मिळाला. त्यांना उलटं लटकायची सवय, त्यामुळे खडकावर बसायचं कसं हे त्यांना कळेना, ती गोष्ट वेगळी.

भामाबाई दोन दिवस हाच हिशेब पुन्हा पुन्हा मांडत राहिली. मग आपली आपणच हसली.

पुढच्या तिमाहीत मंदी आणखी वाढली. रंगोपंतांनी घाबरत घाबरत वीस सांगितलं. भामाबाई साध्या दगडावर चढली आणि गळा काढून म्हणाली, "एकही मडकं नाही. कंपनी संपली."

जंगलभर रडारड झाली. हरणांनी चरणं सोडलं. निकालाच्या दिवशी सगळे डोळे पुसत जमले. भालेरावाने पानाआडून एकेक करत दहा मडकी बाहेर काढली.

मग काय विचारता. मोर नाचले, माकडांनी फुलं उधळली. "वीस म्हणणाऱ्याने आपल्याला फसवलं," असं म्हणत रंगोपंतांना फांदीवर परत पाठवलं आणि भामाबाईला हार घालून खडकावर बसवलं.

एका म्हाताऱ्या कासवाने विचारलं, "पण मागे नव्वद होती ना?"

सगळ्यांनी त्याला प्रेमाने मध चाटवला. तोंड चिकटल्यामुळे ते पुढे काही बोललं नाही.

तात्पर्य : मुलांनो, अभ्यास करा न करा, परीक्षा झाली की घरी येऊन आधी भरपूर रडा. मग पस्तीस मार्क पडले तरी आई शिरा करते.