दहाच्या चहाला वाचलेली चिठ्ठी

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. ती दत्ताराम परबची आहे, दुसऱ्याच्या घरातलं आपण कशाला बोलायचं, अशी मी माझी समजूत घालत असे. खरं कारण वेगळं होतं. त्या गोष्टीत मीही आहे, आणि बरा माणूस म्हणून नाही.

साकीनाक्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये दत्ता पाचव्या मजल्यावर राहतो, मी दुसऱ्या. सत्तरी ओलांडलेला हा माणूस रोज संध्याकाळी गेटजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्या तरुणांच्या बाप होण्याच्या क्षमतेवर पहारा देतो.

"काय रे झिला, खंय चललंस? ही जीन्स आहे की अंगाचं सालपट? हवा कुठून जाणार आत?"

"काका, हळू बोला ना यार!"

"हळू कशाला? शिंकतोस ते तिसऱ्या मजल्यावर ऐकू येतं. तेव्हा लाज वाटते? मग ह्याचीच कसली?"

मांडीवर लॅपटॉप घेऊन जिन्यात बसलेला कोणी दिसला, की दत्ता काठी आपटतो. "टेबल नाय घरात? गार ठेव बाबा, गार!" पोरं पाठीमागे त्याला 'गारकाका' म्हणतात. हे त्याला कळलं तेव्हा तो खूश झाला. दंड फुगवायला जिममध्ये इंजेक्शनं घेणाऱ्या एकाला त्याने गेटवर अडवून विचारलं, "पाटी मोठी लावलीस रे, आत दुकान बंद पडत चाललंय त्याचं काय?" गुटख्याची पुडी तर तो सरळ हातातून काढून घेतो. वर सांगतो, "आज सोडलंस तर गुण तीन महिन्यांनी दिसेल. नवे शुक्रजंतू तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. घाई करून चालत नाय."

मागे सोसायटीच्या सत्यनारायणाला तळमजल्यावरच्या एक बाई आपल्या सुनेच्या तपासण्यांचं रडगाणं गात होत्या. चार वर्षं झाली, पाळणा हलत नाही, हिच्यातच काहीतरी आहे. सून तिथेच पानं वाढत होती.

"आणि मुलाची तपासणी?" दत्ताने भर पंगतीत विचारलं.

"त्याला काय झालंय? धडधाकट आहे."

"मीपण होतो, वहिनी. एका खांद्यावर पोतं उचलायचो. पोर दोघांचं, तर तपासणी दोघांची. आणि त्याची पहिली करा, ती सोपी. डबी द्यायची नि घरी यायचं. सुया नि नळ्या तिच्याच नशिबी कशाला?"

"निर्लज्ज मेला!"

"आहेच. माझी लाज एका साहेबाने कधीच काढून घेतली. बरं झालं, ओझं गेलं."

प्रसादाचा द्रोण हातात धरून मी भिंतीकडे बघत होतो. तो साहेब मी.

इथूनच जवळ एका कारखान्यात मी सुपरवायझर होतो. ॲल्युमिनियम वितळवून त्याचे सुटे भाग ओतायचे, हे तिथलं काम. दत्ता भट्टीवर. आमच्याकडे एक पद्धत होती. कोणी डॉक्टरची चिठ्ठी आणून हलकं काम मागितलं, की ती चिठ्ठी दहाच्या चहाला सगळ्यांसमोर वाचायची. त्याचं काम इतरांवर पडणार, तेव्हा साहेबाने लाडका पोसला असं कोणी म्हणू नये म्हणून. पाठदुखी, हर्निया, कावीळ, सगळं मी वाचलेलं होतं.

दत्ताने छत्तिसाव्या वर्षी चिठ्ठी आणली. चार घड्या घातलेली. "साहेब, ही वाचू नका," एवढंच म्हणाला.

मी वाचली. शुक्रजंतू कमी आहेत, तीन महिने भट्टीपासून लांब ठेवावे, मग पुन्हा तपासणी. पद्धत म्हणून वाचली असं मी पुढे कित्येक वर्षं म्हणत आलो, पण ते खोटं आहे. गंमत वाटली म्हणून वाचली. कोणीतरी चहाचा ग्लास खाली ठेवून हसायला लागला, आणि मला आणखी चेव आला. "माझा बाप आयुष्यभर बेकरीच्या भट्टीपुढे उभा होता, आम्ही सात भावंडं! जा, भट्टीवर जा," मी म्हणालो. तातडीची ऑर्डर होती. दुसरा माणूस शोधायचा मला कंटाळा होता.

दुसऱ्या दिवशी दहाच्या चहाला दत्ता स्वतः उभा राहिला.

"काल साहेबांनी अर्धंच सांगितलं, पुढचं मी सांगतो. दोष माझ्यात आहे, माझ्या बायकोत नाय. तिला कोणी एक शब्द बोललं तर गाठ माझ्याशी. आता हसा."

कोणी हसलं नाही. त्या गणपतीत त्याने गावी मालवणलाही तेच केलं. त्याची आई त्याच्या बायकोला, सुनंदावहिनींना, घेऊन मुलासाठी देवाला गाऱ्हाणं घालायला निघाली होती, तिला अडवून भरल्या अंगणात त्याने सांगितलं. तेव्हापासून तो सांगतच सुटला आहे. आम्ही त्याला चक्रम म्हणतो. तो बोलायला लागला तो बायकोपुढे ढाल होऊन उभं राहण्यासाठी.

भट्टीमुळेच झालं असं डॉक्टरही ठामपणे म्हणत नव्हते. तीन महिन्यांनी आकडा सुधारला असता की नाही, कोण सांगणार? पण ते तीन महिने त्याचे होते. मी दिले नाहीत. भट्टी सुटली ती चार वर्षांनी, मी दुसरीकडे गेल्यावर. तोवर दोघांनी दवाखान्यात जाणं सोडलं होतं.

हे वाचून कोणी म्हणेल, म्हाताऱ्याला या वयात हे घाणेरडं लिहायचं कुठून सुचलं? म्हणू दे. घाण त्या चिठ्ठीत नव्हती, वाचणाऱ्याच्या आवाजात होती.

गेल्या महिन्यात माझा मुलगा निलेश घरी आला. लग्नाला सहा वर्षं झाली. मी कधी विचारलं नव्हतं. विचारायला तोंड नव्हतं. तोच म्हणाला, "बाबा, टेस्ट करून आलो. दत्ताकाका आले होते सोबत."

"दत्ता? कशाला?"

"ते सगळ्यांसोबत जातात, बाबा. बिल्डिंगमधल्या पाच-सहा जणांबरोबर गेलेत. बाहेर बाकावर बॅग धरून बसतात. एक शब्द बोलत नाहीत. मी विचारलं, काका, एवढे गप्प कसे? तर म्हणाले, मी एकटा गेलो होतो रे. बाहेर आलो तेव्हा बाकावर कोणीच नव्हतं."

मी उठलो आणि जिना चढायला लागलो. लिफ्ट मुद्दामच घेतली नाही. तीन मजले वाक्य घोकायला हवे होते.

दार दत्ताने उघडलं. "या साहेब!" अजून साहेबच म्हणतो. वहिनींनी टीव्हीचा आवाज कमी केला, पाणी आणलं.

"निलेश सांगत होता," मी सुरुवात केली.

"पोरगा धीराचा आहे. काळजी करू नका. तीन महिने नीट राहू दे, मग बघू."

"तू त्याच्यासोबत गेलास."

"त्यात काय एवढं?"

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्यांना सगळं ठाऊक होतं, पहिल्या दिवसापासून. मी तोंड उघडलं.

"जिना फार उभा आहे रे तुमचा," मी म्हणालो.

"लिफ्टने यायचं ना साहेब," दत्ता म्हणाला आणि त्याने पंख्याचा वेग वाढवला.

मी चहा पिऊन खाली आलो. 'दत्ता, वहिनी, तुमचे तीन महिने मी घेतले, मला माफ करा.' एवढंच म्हणायचं होतं.